लाल बटण कुठे पोचलं?

३ नोव्हेंबर

सरिता आणि मी शेवटच्या बाकावर. चंद्रपूरचं आमचं कॉन्व्हेंट, विज्ञानाचा तास. सिस्टर फळ्यावर बेडकाचं पोट काढतायत आणि बाकाखाली सरिताच्या दोन बंद मुठी. 'सांग, कोणत्या?' तिच्या कोटाचं तुटलेलं लाल बटण! मी दर वेळी चुकायची. एकदा दोन्ही मुठी रिकाम्या निघाल्या — बटण तिने तोंडात ठेवलं होतं आणि सिस्टरनी नेमकं तिलाच उभं केलं!

आज शिवणाच्या डब्यात तेच बटण सापडलं. सरिता आता कोरपन्याला, नातवंडांत. बटण माझ्याकडे कसं राहिलं कोण जाणे.

बरं झालं सापडलं. आता ते विषाणू होणार.

४ नोव्हेंबर

शाळेतून निवृत्त होऊन पाच वर्षं झाली, शिकवायची खोड सुटत नाही. चामोर्शीच्या बाजारात पिसाळलेल्या कुत्र्याचा फलक आहे, त्याच्या खाली लोक सायकली लावतात. वाचत कुणी नाही. म्हणून खेळ!

जुनी चादर अंथरली, ह्यांना तिच्यावर निजवलं आणि खडूने भोवतीने आखून घेतलं.

'पोट आत घ्या.'

'चादर लहान आहे तुझी.'

पोट बाहेर आलंच. मग पायापासून डोक्यापर्यंत घरं आखली. कुत्रा चावला तिथे लाल बटण ठेवायचं, ते दर डावाला एक घर पुढे सरकणार. फाशात सहा पडले की निळं बटण मिळतं — ते इंजेक्शन. लाल डोक्यात पोचायच्या आत सगळी निळी हातात हवीत.

पण हा विषाणू रक्तातून का जात नाही? नसांचीच वाट का धरतो? दुपारभर वाचत बसले. केवढा सावकाश, केवढा हट्टी! एकदा डोक्यात पोचला की मग उपाय नाही. भीती वाटते आणि पुस्तक खालीही ठेववत नाही.

५ नोव्हेंबर

काखेतली गाठ आहे तशीच. दुखत नाही. हे म्हणाले, नागपूरला दाखवून येऊ. बाजाराचे दिवस आटोपले की बघू.

९ नोव्हेंबर

काय गर्दी! चादर पाहून कुणीतरी ओरडलं, 'अरे, हे त गुणवंतभाऊचं पोट व्हय!' हे तिथेच उभे. लाजले!

शेजारी सांभार-कोथिंबीर विकायला बसलेली कमळा तीनदा खेळली, तिन्ही वेळा जिंकली. गिऱ्हाईक ताटकळलं तर म्हणते, 'थांब ना बाप्पा, माह्यं इंजेक्शन राह्यलं.'

जाताना सहज साडी वर करून पोटरी दाखवली. दातांचे व्रण! परवा चावला म्हणे. धुतलं नाही. वरून तिखट आणि चुना. आणि कुत्रा? 'गेला कुठीतरी.'

मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चल. ती हसली.

'काऊन घाबरता बाई? तुमीच दाखवलं ना. पायापासून डोकस्यापर्यंत किती घरं हायेत! धानाची कापणी झाली का जातो.'

माझाच खेळ! इतका छान समजला की ती निर्धास्त झाली. निदान जखम तरी धुवून घेतली. नळाखाली साबण लावून, बराच वेळ, पाय घट्ट धरून.

१० नोव्हेंबर

सकाळीच तिच्या गावी गेले. कमळा बांधावर, विळा हातात. खुशाल, तिचा नवरा, म्हणाला, 'रोज हळूहळूच सरकते ना ते? मंग चार दिवसांनं काय बिघडते? मजूर भेटून नाई राह्यले, बाई.'

ओरडले, विनवलं. आजचा रोज मी देते म्हटलं. त्याचा तिला रागच आला.

परत आले. ह्यांच्या सदऱ्याला बटण लावायला घेतलं. सुईत दोरा जाईना, म्हणून बटण मुठीत धरलं —

मूठ!

चूक सापडली. मी विषाणू दाखवत होते. तो दिसतो कुठे?

११ नोव्हेंबर

चादर घेऊन पुन्हा बांधावर. आज लाल बटण माझ्या मुठीत. फासा झाकणाच्या डब्यात — आता लाल किती घरं सरकलं ते तोच ठरवणार. डबा हलवायचा, पण उघडायचा नाही.

'चाल कमळा, तुझा डाव.'

'लाल कुठी हाय?'

'माहीत नाही.'

'बाई, सांगा ना!'

'डबा बंद आहे. मलाच दिसत नाही, तर तुला काय सांगू?'

दोन डाव हसत खेळली. तिसऱ्याला हसणं थांबलं. चादरीवर ह्यांच्या गुडघ्यापाशी बोट ठेवलं, मग पोटापाशी, मग गळ्यापाशी. आपला हात आपल्याच मानेवर नेला. खुशालही वाकून बघायला लागला.

'डबा उघडा,' ती म्हणाली.

'उघडता येत नाही गं.'

ती उठली. विळा बांधावर टाकला. 'खुशालभाऊ म्हणवता सगळ्या गावात, काय पाह्यता? गाडी काढा!'

दंडात सुई, जखमेतही सुई. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला, पण वेळेत आलात. पुढच्या तारखा त्यांनी खुशालच्या तळहातावरच लिहून दिल्या!

१२ नोव्हेंबर

झोप छान लागली.

१८ नोव्हेंबर

कमळाची एकही सुई चुकलेली नाही. आता बाजारात खेळ तीच मांडते, मी नुसती शेजारी सांभाराच्या जुड्या राखते! माझ्यापेक्षा तिचं बरं चालतं. कुणी जिंकायला लागलं की दरडावते, 'हसू नोको, लाल तुले दिसून राह्यलं काय?'

आज आवरताना चादर दोरीवर झटकायला गेले, तर हात वर जाईना. कळ नव्हे, नुसतं अडल्यासारखं. तिच्या लक्षात आलं.

'हात काऊन नाई उचलत?'

'गाठ आहे जराशी. दुखत नाही.'

'दवाखान्यात गेल्या?'

'बाजार आटोपले की जाईन.'

तिने चादरीची घडी घातली. मग माझ्यासमोर येऊन दोन बंद मुठी पुढे धरल्या.

'सांगा बाई. कोणत्या?'

मी उजवीवर बोट ठेवलं. डावीवर ठेवलं.

तिने एकही उघडली नाही.

१९ नोव्हेंबर

उद्या पहाटे नागपूर. किती दिवस राहावं लागेल ठाऊक नाही. हे बॅग भरतायत, मोजे तीनदा काढून झाले.

चादर, डबा, फासा, निळी बटणं कमळाला. चादर धुऊ नये, खडू जाईल. पोट पुसट झालं तर ह्यांना निजवून पुन्हा आखावं.

विज्ञानाची पुस्तकं शाळेला. शिवणाचा डबा सरिताला, आणि लाल बटणही तिलाच. तिचंच आहे.

खेळाला दुसरं कुठलंही चालेल. ते कुणाला दिसायचं नाहीच.