आंबट दूध आणि टाचेचं मलम

राजारामपुरी, कोल्हापूर
मंगळवार, सकाळी

ती. आक्कास,
धाकट्या गणपतचा पाया पडून नमस्कार.

गुडघा काय म्हणतो, टाचांच्या भेगांतनं अजून रक्त येतं का, आणि काळी म्हैस व्याली का, हे सगळं फोनवरच विचारणार होतो. पण नऊ वर्षं झाली, माझं ‘हॅलो’ ऐकलं की तू फोन ठेवतेस. पत्र मात्र तू फाडणार नाहीस. (लिहिलेला कागद पायाला लागला तरी तू कपाळाला लावायचीस, मला आठवतंय.) एवढ्याशा किटलीपायी असं! मुरगुडात मी दूध संस्थेत तपासायला होतो, दिवाळीच्या तोंडावर भर रांगेत तुझं दूध ‘आंबट’ म्हणून परत केलं, आणि त्या सालापासून तू भाऊबीजेला माझा उंबरा चढली नाहीस. तो विषय राहू दे. आधी मी जे बघितलं ते ऐक, मी अजून त्यातनं बाहेर आलेलो नाही.

पोराच्या, धैर्यशीलच्या, फ्लॅटवर राहायला आल्यापासून मला तपासायला काहीच नाही. एकतीस वर्षं दुधाचं फॅट तपासलेला माणूस मी, पहाटे साडेपाचला जाग येते आणि हात वळवळतात. गेल्या आठवड्यात दाढी करताना सूनबाईच्या, म्हणजे संयोगिताच्या, फळीवर डब्या-बाटल्यांची ही रांग दिसली. चष्मा चढवला आणि एकीची मागची बाजू वाचली. आक्का, पहिलंच नाव पाणी! आपण तांब्याभर पाण्यापायी लोकांची दुधं बंद केली, आणि इथं पाणी घातलंय हे छापून, सगळ्यात वर, उजळ माथ्यानं! एवढा खरा माणूस मी रांगेत कधी बघितला नव्हता, मी त्या डबीला नमस्कारच केला. मग चार नावं खाली उतरलो आणि दिसलं, युरिया. झालं! दुधात युरिया घालणारे तिघे मी ह्या हातानं पकडलेत, मला कोण फसवणार? परत करायच्या किटलीवर आपण लाल खडूनं फुली मारायचो. खडू मिळाला नाही, म्हणून तिथलीच लिपस्टिक घेऊन सगळ्याच डब्या-बाटल्यांवर फुल्या मारल्या. (उमटते मात्र झकास. हे मी तिला सांगायला नको होतं.)

संयोगिता फार्मसी कॉलेजात शिकवते. पोरगी ओरडली नाही, त्याचीच मला जास्त भीती वाटली. ‘मामा, बसा हितं,’ म्हणाली, आणि सगळ्या डब्या माझ्यासमोर मांडल्या. युरिया म्हणे आपल्या कातड्यात मुळातच असतो. पाणी धरून ठेवायचं काम त्याचं. थोडा असला तर कातडं मऊ राहतं, जास्त घातला तर टणक झालेली साल सैल होते. आपल्या उसाला पोत्यानं लागतो, टाचेला बोटभर! आणि नावं कशीही छापत नाहीत गं, जे जास्त ते वर, जे कमी ते खाली. एवढी शिस्त आमच्या संस्थेच्या दप्तरात नव्हती.

मग ती बोलत गेली आणि मी तोंड उघडं टाकून ऐकत गेलो. ग्लिसरीन पाणी ओढून घेतं. हायलुरॉनिक ॲसिड नावाचं एक आहे, नाव ॲसिड पण जाळत काही नाही, बिचारं नुसतं पाणी सांभाळतं. सिरॅमाइड म्हणजे कातडीच्या विटांमधला चुना, तो झिजला की भिंत कोरडी पडते. (आपल्या अंगात भिंत आहे आणि तिला गवंडी लागतो, हे मला अडुसष्टाव्या वर्षी कळलं.) सॅलिसिलिक ॲसिड तेलात विरघळतं, म्हणून मुरुमाच्या बारीक छिद्रात उतरून सफाई करतं. नायसिनामाइड हे जीवनसत्त्वच, डागांवर चालतं. रेटिनॉल दुसऱ्या जीवनसत्त्वाच्या घरचं, ते रात्रीच लावायचं. झिंकची पांढरी पूड ऊन अडवते. आणि शेवटची बाटली, ठेंगणी, ड्रॉपरची, लॅक्टिक ॲसिड. नासलेल्या दुधात जे आंबट असतं ना, तेच. वरची मेलेली साल काढतं, खालून उजळ कातडं येतं. मी तीनदा विचारलं, ती तीनदा ‘व्हय’ म्हणाली. मी आयुष्यभर ज्याला गटार दाखवलं ते इथं देवासारखं फळीवर बसलंय! माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं नाही सांगत.

आता इतकं ऐकल्यावर कुठला माणूस गप्प बसेल? दुसऱ्या सकाळी ती कॉलेजला गेली आणि मी सगळंच लावलं. लॅक्टिक, त्यावर सॅलिसिलिक, त्यावर रात्रीचं रेटिनॉल (रात्रीपर्यंत कोण थांबतंय). झिंक तेवढं पांढरं दिसतं म्हणून सोडलं. आणि अकराच्या उन्हात शिवाजी पेठेतल्या पोरांची मॅच बघायला जाऊन बसलो. संध्याकाळी तोंड पेटलं, तिसऱ्या दिवशी उकडलेल्या बटाट्यासारखं सोलून निघालं. विजयसिंह, माझा चाळीस वर्षांचा दोस्त, तालमीच्या दारात मला बघून म्हणतो, ‘पावणं, कुणाकडं आलाय?’

संयोगितानं मग चांगलंच झापलं. एका वेळी एकच लावायचं, आधी हाताला थोडं लावून दोन दिवस वाट बघायची, मगच तोंडाला. माझी मान खाली गेली. नमुना घेतल्याशिवाय मी कधी किटली ओतून घेतली नाही, आणि स्वतःच्या तोंडाचा नमुना घ्यायला विसरलो!

सोबत तुझ्या टाचांसाठी युरियाचं मलम पाठवतो. झोपताना लाव, वर मोजे घाल. भेगेत रक्त असेल तर ती आधी भरू दे, नाहीतर झोंबेल.

तुझा,
गणपत

ता. क. मी तुला ओळखतो. मलम संपलं म्हणून उसाच्या पोत्यातला युरिया टाचेला फासू नकोस. तो वेगळा, हा वेगळा.

ता. क. दुसरा. लॅक्टिक ॲसिडचं एवढं कौतुक का केलं, तर खालचं लिहायला हात उठत नव्हता. आक्का, तुझं दूध आंबट नव्हतं. तुझ्या आधी ज्याचं नासकं आलं, त्याची तपासायची नळी मी न धुता तशीच तुझ्या दुधाला वापरली. तासाभरात मला कळलं होतं. पण रांगेत शंभर माणसं, आणि मी तपासनीस. नऊ वर्षं गप्प बसलो. फुली तुझ्या किटलीवर नको होती, माझ्यावर हवी होती. चुकलो गं.

ता. क. तिसरा. यंदा भाऊबीजेला ये. तोवर माझं तोंड ओळखू येईल. येताना काळीचं किटलीभर दूध आण, मी तपासणार नाही.