मुलीनं आवडता ब्लॉग विचारला

२ फेब्रुवारी, रविवार
आईला घेऊन तळेगाव ढमढेऱ्याला मुलगी बघून आलो. नाव तेजश्री. कॉलेजच्या लायब्ररीत नोकरीला. कार्यक्रम झकास. मी कुरकुंभला केमिकल कंपनीत शिफ्ट सुपरवायझर आहे हे त्यांना नीट कळावं म्हणून प्लँटवरून आलेला फोन स्पीकरवर घेतला आणि समोरच्याला हिंदीत झापलं. सगळे बघतच राहिले. लग्नानंतर खुशाल नोकरी कर, माझी परमिशन आहे, हेही मोठ्या मनाने सांगून टाकलं.
निघताना तिनं एकच विचारलं, तुमचा आवडता ब्लॉग कोणता? म्हणालो, पुष्कळ आहेत, एक ठरवून कळवतो. आवडीनिवडी विचारते म्हणजे होकारच की.

३ फेब्रुवारी
संकल्प: एक ब्लॉग निवडणे, रोज वाचणे. शेतीचा नको, उगाच शेतकरी समजेल. इंग्रजी उघडला. दुसऱ्या ओळीला डोळा लागला. फर्स्ट शिफ्टमुळे.

५ फेब्रुवारी
शेअर बाजाराचा ब्लॉग झाला, योगाचा झाला. एकातही दम नाही.
स्थळ आणणाऱ्या पोपटमामांचा फोन. खुटबावचाही एक पोरगा तिला बघून गेलाय म्हणे. वर मला म्हणतात, इंद्रजीत, छत्तीस झालं तुला, जवा त्ये व्हय म्हनतील तवाच हुरळून जा. मामांना काय कळतंय? खुटबावचा नुसता शेती करतो. आपल्यापुढे कुठं टिकणार!

८ फेब्रुवारी, शनिवार
सापडला! 'पोह्यांची प्लेट'. लिहिणारी निनावी आहे. तिला बघायला आलेल्या मुलांचे किस्से. ताजा लेख 'चौदावं स्थळ'. त्यातला बहाद्दर फोन स्पीकरवर घेऊन कामगाराला झापतो, मुलीला नोकरीची 'परमिशन' देतो आणि सगळ्यांदेखत त्याची आई त्याच्या मिशीतला पोहा पुसते. हसून हसून पोट दुखलं. काय एकेक नग असतात! फोन मीही स्पीकरवर घेतला होता, पण ते ड्युटीचं काम होतं. परमिशन मी मनापासून दिली होती. आईनं माझंही तोंड पुसलं, पण मायेनं. खुटबावचा असलाच असणार.
खाली नावानिशी कमेंट टाकली: असल्या माणसाला जन्मात बायको मिळू नये.

९ फेब्रुवारी
लेखिकेनं माझी कमेंट सगळ्यात वर लावलीय. माणसाची पारख आहे तिला.
लेख आईला मोठ्यानं वाचून दाखवला. हसली नाही. विचारते, त्यात पोराचं नाव लिवलंय का रं? नाही म्हटलं. तर म्हणाली, मंग बरं हाय, आणि उठून आत गेली. बाईला विनोद म्हणून कळत नाही.
भावकीच्या ग्रुपवर लिंक टाकली. हसणाऱ्या चेहऱ्यांचा पाऊस. चुलतभाऊ महेंद्रनं विचारलं, दादा, तू सोता नीट वाचलंस का? चार वेळा वाचलंय म्हटलं. जळतो.

११ फेब्रुवारी
तेजश्रीला लिंक पाठवली. लिहिलं: माझा आवडता ब्लॉग. चौदावा तर वाचाच, म्हणजे कसा नवरा नको ते कळेल. दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही. लाजली असेल. मंगल कार्यालयाच्या तारखा विचारून ठेवल्या. ऐनवेळी मिळत नाहीत.

१३ फेब्रुवारी
तेजश्रीचा फोन. ब्लॉग तिचाच आहे. चौदावा मी.
रविवारी तिची सुपारी फुटतेय, खुटबावच्या मुलाशी. त्यालाही तिनं ब्लॉगचं विचारलं होतं. तो म्हणाला, म्या न्हाई बा वाचत, तुमीच सांगा एखादा चांगला. एवढ्यावर जमलं.
मग हळू आवाजात म्हणाली, तुम्हाला खरंच ओळखू आलं नाही का? मला वाटलं मुद्दाम चिडवताय. रेंज नाही म्हणालो आणि कट केला. रेंज फुल्ल होती.
ग्रुपवरची लिंक डिलीट करायला गेलो. होत नाही. उशीर झालाय.
आईवर ओरडलो. कळलं होतं तर बोलली का नाहीस? भाकरी थापता थापता म्हणाली, लई दिसांनी हसत व्हतास, म्हनलं हसू दे.
भूक नाही म्हणालो. तिनं ताट वाढलं. जेवलो.