फुलस्केपवर, पालकाच्या सहीसह

लातूर,
११ मार्च २०२३

प्रिय अण्णा,

नमस्कार. इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा आता बरा आहे, नळाला पाणी नेहमीसारखं आठवड्याने येतंय. आपल्या क्लासच्या नांदेडच्या नव्या शाखेचा बोर्ड लागला असं कळलं. त्यावर टेस्टला कायम पहिल्या येणाऱ्या राघवेंद्रचा फोटो तुझ्यापेक्षा मोठा आहे, हेही कळलं.

तुझा निरोप मिळाला. कंधारच्या तनुजाने माफीपत्र द्यायचं: फुलस्केपवर, स्वतःच्या अक्षरात, खाली पालकाची सही. त्याशिवाय तिला ग्रुपवरही घ्यायचं नाही आणि वर्गातही नाही. क्लासचा नियमच आहे तो. म्हणून मीही फुलस्केपच घेऊन बसलेय, तुला फाइलला लावायला सोपं जाईल.

तनुजाने शंका विचारायच्या डाउट ग्रुपवर शिवी दिली हे खरं. अकराशे पोरांसमोर दिली आणि चांगली ठसठशीत दिली. तू दिलेल्या शिव्यांच्या यादीवर चालणाऱ्या आपल्या फिल्टरने ती लगेच पकडली. मग नियमाप्रमाणे तिचा नंबर काढला गेला आणि स्क्रीनशॉट पालकांच्या ग्रुपवर टाकला गेला.

टाकला गेला म्हणजे मी टाकला, अण्णा. ॲडमिन मी आहे. स्क्रीनशॉटमध्ये तिची तेवढी एकच ओळ होती. वर काय चाललंय ते मी सरकवून बघितलंसुद्धा नाही.

आता बघितलंय. तुझा फोटोतला राघवेंद्र तीन आठवडे तिच्या मागे लागला होता. रोज टेस्टचा निकाल लागला की विचारायचा, तनुजाताई, आज किती पडले? शेतात खुरपायला बायका मिळत नाहीत म्हणे, तुमचा विचार काय? दुसरं वर्ष चाललंय, बाबांनी अजून किती एकर विकायचं ठेवलंय? सगळं कसं शुद्ध, आदरार्थी. एकही शब्द तुझ्या यादीत नाही. खाली चाळीस-चाळीस पोरं हसणारी तोंडं टाकत होती.

गुरुवारी मी एसटीने कंधारला जाऊन आले. तुला विचारलं नाही, कारण तू नको म्हणाला असतास. तिचे वडील शेषेराव दारातच उभे राहिले. घरात या म्हणाले नाहीत, पण पाणी दिलं.

"म्याडम, साऱ्या गावानं वाचलं," ते म्हणाले. "आता पावने बघून ऱ्हायलो तिला."

मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला आठ आठवडे उरलेत आणि पोरगी घरात ज्वारी निवडत बसलेली. तिने माझ्याकडे बघितलंही नाही. उठून आत गेली, मोबाइल आणला आणि माझ्यासमोर धरला. मला वाटलं होतं ती रडेल.

"नऊ येळा टाकलं तुमाला," म्हणाली. "तुमी हात जोडून ऱ्हायल्या."

हे तुला सांगायचं मी पानभर टाळलं. तिने मला नऊ वेळा लिहिलं होतं. मॅडम, प्लीज त्याला थांबवा. मॅडम, मला अभ्यास होत नाही. मी प्रत्येक वेळी जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं आणि खाली लिहिलं, अभ्यासावर लक्ष दे. नऊ वेळा नीट बोलली तेव्हा मला ऐकू आलं नाही. शिवी दिली तेव्हा एका मिनिटात आलं. मला माझी लाज वाटते, आणि तुझीही वाटते.

तुला भूकंपाची दुपार आठवते ना? मी आठ वर्षांची होते, तू अठराचा. आई कोसळलेल्या माळवदाखाली होती आणि माणसं शेजारच्या घरावर खोदत होती. ती सकाळपासून देवाचं नाव घेत हाका मारत होती, कोणाच्या कानावर गेलं नाही. शेवटी तिने धोंडप्पाकाकांना नाव घेऊन आईबापावरून अशी शिवी हासडली की काका फावडं टाकून धावत आले. पत्र्याच्या शेडमध्ये तू पहिली शिकवणी घेतलीस ती त्या आईच्या भाकरीवर. आता ॲडमिशनला पालक आले की तिला आतल्या खोलीत बसवतोस, तोंड सुटेल म्हणून.

पोरांनी शिव्या द्याव्यात असं मी म्हणत नाही. फिल्टर राहू दे. पण यापुढे वर सरकवून वाचल्याशिवाय मी एकालाही काढणार नाही.

तनुजाला ग्रुपवर परत घेतलंय. पालकांच्या ग्रुपवर माझ्या नावाने माफी मागितली आहे, चूक काय होती ते लिहून. राघवेंद्रचं सगळं फक्त त्याच्या वडिलांना पाठवलंय. चारचौघांत टाकायची चूक एकदा झाली तेवढी पुरे. शेषेरावांनी माफी लेखी मागितली, ती दिली. त्यांनी पाव्हण्यांना नकार कळवलाय. सोमवारी तनुजा येते आहे. हॉस्टेलवाल्यांनी खोली दुसऱ्या मुलीला दिली, म्हणून आईच्या खोलीत राहील आणि वर्गात पहिल्या बाकावर बसेल. तिला उठवायचं असेल तर स्वतः ये, आणि आधी मला काढ.

माफीपत्र तिच्याकडून येणार नाही. हेच फाइलला लाव. यात जेवढी माफी आहे तेवढी तिच्यासाठी आहे, तुझ्यासाठी काही नाही.

तुझी बहीण,
विनीता (ॲडमिन)

पालकाची सही: केवळाबाई

ता. क. सही आईनेच केलीय, पूर्ण पत्र दोनदा वाचून घेऊन. तुला निरोपही सांगितलाय, पण त्यातला एकेक शब्द तुझ्या यादीत आहे. घरी आलास की तिच्याच तोंडून ऐक.