हिरडीखालचा कण

२ जून
नवं सासर आणि नवा दवाखाना, दोन्ही एकाच आठवड्यात! थोरल्या जाऊबाई दातांच्या डॉक्टर, मीही दातांचीच. खाली दवाखाना, वर घर. त्यांनी माझ्यासाठी दुसरी खुर्ची मागवून, पाण्याचा फवारासुद्धा तपासून ठेवला होता. इतक्या चांगल्या माणसावर रागावताही येत नाही, हीच पंचाईत.

११ जून
जो तो पेशंट विचारतो, मोठ्या मॅडम आहेत का. मग मी काय खुर्च्या पुसायला आले? जेवताना सासूबाई म्हणाल्या, थोरलीने बसवलेला एकही इम्प्लांट आजवर हलला नाही. माझ्या पोटात दुखलं. दुखलं तर दुखलं, रोजनिशीत खोटं कशाला लिहू.

१९ जून
जाऊबाई बाहेर होत्या म्हणून त्यांच्या एक पेशंट, शाळेतल्या शिक्षिकाबाई, माझ्याकडे आल्या. डावीकडची खालची दाढ, जाऊबाईंनी तीन महिन्यांपूर्वी हाडात स्क्रू रोवून बसवलेला इम्प्लांट. हिरडी लाल, दाबली की पू. एक्स-रेत कॅप चिकटवताना खाली राहिलेला सिमेंटचा कण स्वच्छ दिसत होता. तो खरवडून काढायचा, एवढंच काम. मी नुसतं गुळण्यांचं औषध दिलं. झिजू दे हाड. स्क्रू हलला की बघू, सासूबाई काय म्हणतात.

३ जुलै
शिक्षिकाबाईंना मुद्दाम माझ्याच वेळेत बोलावलं. हिरडीत बारीक सळई घालून खोली मोजली: सात मिलिमीटर, निरोगी हिरडीत तीनच्या वर जात नाही. कागदावर तीन लिहिलं. जाऊबाईंना ताकास तूर लागू दिली नाही. बाई बिचाऱ्या माझेच आभार मानून गेल्या.

४ जुलै
ब्रशला रक्त. डावीकडची खालची दाढ. माझे तर सगळे दात स्वतःचे, धडधाकट.

९ जुलै
पू आला. आरशात बघून मोजलं. सात.
एक्स-रे काढला. दाढेच्या मुळांच्या जागी स्क्रू. मी कधीच बसवून घेतला नाही. वर तोच कण. खरवडते, पण अवजाराला काही लागतच नाही—

१२ जुलै
शिक्षिकाबाईंची हिरडी गुलाबी. खोली दोन. नव्या एक्स-रेत गेलेलं हाड भरून आलंय. असं होत नसतं. कुणाचं हाड ते, मला ठाऊक आहे—
जाऊबाईंनी तो एक्स-रे घरभर दाखवला. सासूबाईंचं पुन्हा कौतुक. आणि मी अजून जळतेच आहे.

१४ जुलै
अकरा. शेजारचे दातही हलतात. हे फक्त जाऊबाईंच्या हाताला जमेल. पण सांगायचं तर पहिल्यापासून सगळं—

१५ जुलै
जेवताना जबडा कडकन वाजला. जाऊबाई उठून जवळ आल्या. म्हणाल्या, "तोंड उघड, मी आहे ना." किती मायेने. मी दात आवळून खोलीत आले, कडी लावली.
दार वाजवतायत. हनुवटी हाताने धरून लिहितेय. दार उघडलं तर जबडा वाचेल. मग सासूबाई म्हणतील, हिला पण थोरलीनेच— नाही. जाऊ दे जबडा, पण ते श्रेय त्यांना मी—