तिने माझं नाव घेतलं नाही

रविवार, १२ ऑक्टोबर १९७५

आज आश्रमात कुमुदच्या कार्डावर लिहिलं गेलं: ‘नवऱ्याला ओळखत नाही.’ पक्षाघातानंतर तिची आठवण किती उरली, हे तिथल्या शांताबाई दर रविवारी तपासतात. आज माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, “बाई, हे कोन आले? नाव सांगा जी.” कुमुदने मान खाली घातली, पदर सारखा केला. शांताबाईंनी कार्ड भरलं.

मी म्हटलं, “अहो, बावीस वर्षांत तिने माझं नाव घेतलेलं नाही. रेशनकार्डाच्या वेळीही शेजारणीने सांगितलं. माझे लेख वाचून अर्धं नागपूर माझ्या नावाने खडे फोडतं, पण ही नाही.”

“मंग पहिले काहून नाही सांगितलं जी?” शांताबाईंनी कार्डावरचं वाक्य खोडलं.

खोडलं खरं. पण मान खाली घातली ती रीत म्हणून, की समोर परका पुरुष म्हणून? पदर तर ती डॉक्टरांसमोरही सारखा करते. जगाची बिंगं फोडणाऱ्या मला घरचं माणूस वाचता येऊ नये?

आता पुढच्या रविवारची धास्ती. तिने चटकन माझं नाव घेतलं, तर शांताबाई आनंदाने ‘ओळखते’ लिहितील, आणि मला कळेल, मी तिचा कोणी उरलो नाही.