आतला खिसा

दाजी,

मंगळवार, ४ मार्च, संध्याकाळचे सव्वासात. मी शिवणाच्या दुकानाचं शटर ओढत होतो. साध्या कपड्यांतल्या दोघांनी मला धरलं. "चल, गाडीत बस."

वर्दी नसेल तर आधी ओळखपत्र मागायचं, हे तुम्ही, घरातल्या पोलिसानेच, शिकवलेलं. मी मागितलं. कानाखाली बसली. "वकील झालास का रे?"

गाडीत पुढे तुम्ही होतात. ओळखपत्रासाठी आतला खिसा लावून मी शिवलेलाच शर्ट तुमच्या अंगात होता. तुम्ही मान फिरवलीत.

"दुसराच हवा होता," म्हणत त्यांनी सकाळी सोडलं. ताईला मी सायकलवरून पडलो म्हणालो. तिच्यासमोर तुम्ही विचारलंत, "फार लागलं का रे?"

यापुढे कपडे दुसरीकडे शिवा.

तुमच्या बायकोचा भाऊ