फेझचे कातडीचे हौद

त्सुफेनहाउझेन, जर्मनी, १२ ऑक्टोबर २०२५

ती. लताआत्यास,
ईप्सिताचा शि. सा. न. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही याचं सगळ्यांना वाईट वाटतं. मला मात्र त्यामुळे कुणाला तरी मनातलं सविस्तर लिहिता येतं. फेझहून परवाच परतलो. मोरोक्कोतलं हे जुनं शहर पाहायची हौस गौरांगच्या आईची, ऊर्मिलाकाकूंची. डिसेंबरात मी त्यांची सून होणार, तर आधी चौघांनी मिळून फिरून यावं, असं ठरलं.

विमान स्वस्तात मिळालं ते नावापुरतं फ्रँकफुर्टचं. विमानतळ निघाला कुठल्या कुठे आडरानात. फेझला उतरलो तर तिथल्या छोट्या लाल टॅक्सीत तिघांच्या वर घेतच नाहीत. मग दर वेळी दोन टॅक्स्या, आणि कोण कुणाबरोबर बसणार यावर रुसवेफुगवे. जुन्या शहरात तर गाडी शिरतच नाही. बॅगा हातगाडीवर, आपण मागे, आणि खेचर आलं की भिंतीला चिकटायचं. गौरांगच्या बाबांचा, प्रतापकाकांचा, पांढराशुभ्र बूट पहिल्याच बोळात लिदीत गेला. मोबाइलच्या नकाशाला ते बोळ कळेनात. फिरून फिरून एकाच खाटकापाशी यायचो, तिथे उंटाचं मुंडकं टांगलेलं. काकूंनी नाकाला लावलेली ओढणी मग काढलीच नाही. नाक मीही दाबलं, उगाच शहाणपणा कशाला सांगू?

मग कातडी कमावायचे हौद पाहायला गेलो. दुकानाच्या गच्चीवरून खाली बघायचं. वर चढताना नाकाशी धरायला पुदिन्याची काडी देतात. खाली चुना, कबुतरांची विष्ठा, ओली कातडी, आणि मांडीभर पाण्यात उभी राहून राबणारी माणसं. काकू म्हणाल्या, शी, ह्यांना माणसं तरी कसं म्हणायचं! आपल्याकडे असल्या लोकांना गावाबाहेर ठेवायचे ते काही उगाच नव्हे. काका खो खो हसले.

आत्या, आजोबांचं अर्धं आयुष्य असल्याच हौदात गेलं ना गं. मी गौरांगकडे पाहिलं. आमची ओळख झाली तेव्हाच मी त्याला हे सांगितलंय. तो आपला आईचे फोटो काढत होता. हॉटेलवर आल्यावर म्हणाला, त्यांना यातलं काही माहीत नाही, तू मनावर घेऊ नकोस, आधी लग्न तर होऊ दे. मला त्या हौदांची आली नव्हती एवढी किळस त्या वेळी त्याची आली. या माणसाशी लग्न करू का, हे तूच सांग. बाबांना विचारायचा धीर होत नाही.

तुझा लोभ आहेच, तो कमी होऊ देऊ नकोस.

तुझी,
ईप्सिता


कोल्हापूर, १९ ऑक्टोबर २०२५

चि. ईप्सितास,
लताआत्याचे अनेक आशीर्वाद.

पत्राचा फोटो मिळाला. वाचून अंगाची लाही लाही झाली.

पण पोरी, आधी खरं ते सांगते. तो वास घाणच असतो. आप्पा कामावरून आले की मी लहानपणी परसात पळायची. ते स्वतःसुद्धा अंघोळ केल्याशिवाय आम्हाला जवळ घेत नसत. तेव्हा वासाची शिसारी आली म्हणून कुणावर रागावू नये. माणसाचीच येत असेल, तर मात्र ते घर आपलं नव्हे.

त्या बाईंना माहीत नव्हतं म्हणतेस. तर मग आधी कळू दे. माहीत नसताना माणूस काहीही बरळतं. कळल्यावर काय बोलतं ते बघ. गौरांगच्या तोंडून नको, तूच सांग, आणि मान खाली न घालता सांग. तुझ्या बापाची काळजी करू नको, त्याला मी लहानपणापासून ओळखते.

तिकडे थंडी सुरू झाली असेल, कानाला बांधत जा. आशीर्वाद पाठीशी आहेतच, काय झालं ते लगेच कळव.

लताआत्या


त्सुफेनहाउझेन, २ नोव्हेंबर २०२५

ती. लताआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तसंच केलं. काल गौरांगकडे जेवायला गेले होते. काकूंनी हौसेनं थालीपीठं लावली होती. जेवता जेवता मी सांगून टाकलं की माझे आजोबा कातडी कमावायचे, तुम्ही फेझला पाहिलीत त्या माणसांसारखेच हौदात उभे राहून. काकांनी ताटातून नजर वर केली नाही. गौरांग जर्मनमध्ये पुटपुटला, हे आत्ताच बोलायला हवं होतं का?

काकू मात्र हसल्या. माझ्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, अगं, साखरपुड्याच्या आधीच गौरांगनं सांगितलंय आम्हाला. आम्ही ते केव्हाच पोटात घातलं. फक्त आमच्या नातेवाइकांत कुठे बोलू नकोस, आणि तुझ्या बाबांनाही तसं सांगून ठेव.

म्हणजे गच्चीवर त्या जे बोलल्या ते माझ्यादेखत, सगळं माहीत असून. आणि हा माझ्याशी सरळ खोटं बोलला. पण आत्या, त्या क्षणी त्याच्या चेहऱ्यावर लाज नव्हती, अभिमान होता! बघ, माझी आई किती मोठ्या मनाची, असा.

पोटात अपराध घालतात, माझ्या आजोबांनी कुणाचा काय अपराध केला होता, एवढं मी विचारलं. अंगठी काढून टेबलावर ठेवली आणि कोट घालून निघाले. एस-बान स्टेशनच्या जिन्यापर्यंत गौरांग मागे मागे आला, तमाशा करू नकोस, आईला काय वाटेल, म्हणत. मला काय वाटलं ते त्यानं एकदाही विचारलं नाही. घरी येऊन खूप रडले.

आज बाबांना फोन केला. त्यांनी सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मला वाटलं, आता रागावणार. मग म्हणाले, बरं केलंस बाळा, नाहीतर तुझ्या घरी येऊन मला जन्मभर खाली मान घालून पाणी प्यावं लागलं असतं.

तुझ्या लोभाच्या बळावरच हे जमलं, तो असाच राहू दे.

तुझी,
ईप्सिता